ओट्यात गाडलेला कलमाचा जोड: नागपूरच्या अंगणातल्या एका संत्र्याचं प्रकरण

नागपुरातल्या एका जुन्या लेआउटमधलं घर. मागच्या अंगणात दोन झाडं. पूर्वेच्या कुंपणाशी कागदी लिंबू आणि स्वयंपाकघराच्या दारासमोर बारा वर्षांचा संत्रा. घरातले काका-काकू दोघंही निवृत्त शिक्षक. संत्र्याचं कलम त्यांनी वरूडकडच्या नातेवाइकामार्फत आणलेलं, जंभेरीच्या, म्हणजे खडबडीत सालीच्या आंबट लिंबाच्या, खुंटावर (खालच्या मूळझाडावर) संत्र्याचा डोळा बांधलेलं. पाचव्या वर्षापासून ते नेमाने फळत आलं. चांगल्या साली दीड-दोनशे संत्री उतरायची, आळीत वाटूनही उरायची.

मला झाडं तपासायला बोलावलं होतं ते मात्र लिंबासाठी. त्याच्या पानांवर खरबरीत तपकिरी ठिपके होते, ठिपक्यांभोवती पिवळं कडं, आणि शेंड्याच्या पानांवर नागमोडी चंदेरी रेघा. "लिंबू काही वाचत नाही वाटते भाऊ," काका म्हणाले. संत्र्याबद्दल त्यांची फारशी तक्रार नव्हती. पानं थोडी पिवळी पडून राहिली होती, पण बहार असा आला होता की इतक्या वर्षांत कधी पाहिला नाही. फेब्रुवारी संपत आला होता आणि झाड खरोखरच पांढरं झालं होतं.

परिस्थिती नेमकी उलटी होती. लिंबाला खैऱ्या होता, म्हणजे जिवाणूजन्य कँकर. कागदी लिंबू या रोगाला फार लवकर बळी पडतो. चंदेरी रेघा नागअळीच्या. ती पान आतून पोखरते आणि त्या जखमांतून खैऱ्याला वाट मिळते. दिसायला वाईट, पण घरच्या झाडाला जिवाची भीती नाही. सालीवरच्या खपल्यांनी रसात काही बिघडत नाही. बाजारात पाठवायचं लिंबू असतं तर गोष्ट वेगळी. कोरड्या दिवसांत रोगट फांद्या छाटून जाळा, पावसाच्या तोंडाशी कॉपर ऑक्सिक्लोराइड लिटरला ३ ग्रॅम या प्रमाणात फवारा, एवढं सांगितलं. लिंबाचा विषय तिथेच संपला.

संत्र्याचा बहार मात्र पाहावेना. फांद्यांचे शेंडे वाळलेले, गेल्या पावसाळ्यातली नवी पानं जेमतेम अंगठ्याएवढी, आणि त्या अर्धनग्न फांद्यांवर गच्च फुलं. निरोगी झाड पानांच्या हिशेबाने फुलतं. मुळं किंवा साल निकामी होऊ लागलेलं झाड बरेचदा अवेळी नाही तर असं अवाजवी फुलतं. घरच्यांना मात्र वाटत होतं की वर्षभर केलेली सेवा फळाला आली.

सेवा खरंच झाली होती. पानं पिवळी दिसल्यावर काकांनी आधी युरिया दिला, मग डीएपी. कोणीतरी सांगितलं म्हणून एप्सम सॉल्ट घातलं. कृषी केंद्रातून सूक्ष्म अन्नद्रव्यांची बाटली आणून दोनदा फवारली. काकूंनी ताक ओतलं. आणि पाणी रोज, सकाळी पाइप लावून, खोडापाशी.

पानांची साक्ष

लिंबूवर्गीय झाडाचं पान पिवळं होण्याच्या पाच-सहा तऱ्हा आहेत आणि दुकानातली बाटली त्या सगळ्यांना एकच समजते. जुनी पानं सरसकट फिकी पडली तर बहुधा नत्र कमी. जुन्या पानाच्या देठाकडे हिरवा त्रिकोण उरला आणि बाकीचं पान पिवळं झालं तर मॅग्नेशियम. नवं पान लहान, अरुंद, शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असेल तर जस्त. शिरांची बारीक हिरवी जाळी उठून दिसते आणि बाकी पान पांढुरकं पडतं, तेव्हा लोह. पिवळे डाग मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना असूनही एकमेकांशी जुळत नसतील, तर ग्रीनिंग रोगाचा संशय घ्यायचा आणि तो पसरवणाऱ्या सायला किडीचा माग काढायचा.

इथे तसलं काही ठळक नव्हतं. शेंड्याच्या काही पानांवर जस्ताच्या कमतरतेची छटा होती, आणि ते नवल नाही. नागपूरची काळी जमीन चुनखडीची, सामू (पीएच) आठच्या आसपास, बोअरचं पाणीही जड. अशा मातीत जस्त आणि लोह असूनही झाडाला मिळत नाही. पण बहुतेक जुन्या पानांवर चित्र उलटं होतं. शिरा पिवळ्या, मधली शीर तर हळदीसारखी, आणि शिरांच्या मधला भाग अजून हिरवट. शिरा हिरव्या राहून मधलं पान पिवळं पडतं तेव्हा अन्नद्रव्यांचा विचार करावा. शिराच पिवळ्या पडल्या तर खाली बघावं. पानांनी तयार केलेलं अन्न सालीतून मुळांकडे उतरतं. वाटेत साल मेलेली असली की ते पानांतच तुंबतं आणि शिरा पिवळ्या होतात.

दुसरा पुरावा लिंबाचा. तीच माती, तेच पाणी, अंतर वीस-बावीस फूट. खैऱ्याचे डाग सोडले तर लिंबाची पानं गर्द हिरवी. म्हणजे दोष नुसत्या जमिनीचा किंवा बोअरच्या पाण्याचा नव्हता. फक्त संत्र्याच्या वाट्याला आलेलं काहीतरी शोधायचं होतं.

ते शोधायला लांब जावं लागलं नाही. संत्र्याभोवती ग्रॅनाइटची कड असलेला गोल ओटा होता. दोन वर्षांपूर्वी अंगणात फरशी घातली तेव्हा गवंड्याने तो बांधून दिला आणि खोड आणि कड यांच्यामधली जागा मातीने भरली. बसायला छान, उन्हाळ्याच्या संध्याकाळी चहा तिथेच. पण खोड मातीत शिरत होतं ते विजेच्या खांबासारखं सरळ. बुडाशी होणारा पसारा नाही, कलमाच्या जोडाची गाठही नाही.

काकूंनी त्याच वेळी दोन हिरव्यागार, जोमदार फुटी दाखवल्या, ओट्याच्या मातीतून वर आलेल्या. "हे पहा, नवीन फूट किती छान आली." शेंडे जांभळट, काटे लांब. संत्र्याची कोवळी फूट हिरवीच असते. जांभळी झाक जंभेरीची. खुंट स्वतःच्या जोरावर निघाला होता, कारण वरच्या झाडाकडून त्याला काही मिळत नव्हतं. अशी फूट वेळीच मोडली नाही की काही वर्षांनी घरचे लोक संत्र्याच्या आशेने जाड सालीची, खडबडीत, आंबट जंभेरी तोडत बसतात. नागपुरात अशी झाडं कमी नाहीत.

खोदल्यावर

माती काढायला खुरपी वापरली, फावडं नाही, कारण साल दुखवायची नव्हती. फूटभर भराव निघाल्यावर जोड सापडला. कलम लावलं तेव्हा तो जमिनीपासून आठ-नऊ इंच वर असावा, आणि तेच बरोबर होतं. ओट्याने तो पूर्ण गाडला. जोडाच्या आसपास पश्चिमेकडची साल तपकिरी, मऊ, दाबली की आंबूस वासाचं पाणी सुटणारी. नख लावताच ती सालपटासारखी निघाली आणि आतलं लाकूडही काळपट. भरावाच्या वर बोटभर जागेत डिंकाचे वाळके थेंब.

म्हणजे डिंक्या, फायटोफ्थोराचं काम. त्याला आपण सवयीने बुरशी म्हणतो. त्याचे बीजाणू पाण्यात पोहतात आणि ओल्या मातीतून सालीपर्यंत येतात. साल दिवसरात्र ओली राहिली की त्यांना दुसरं काही लागत नाही. विदर्भातल्या संत्रा बागा ज्या रोगांनी उतरल्या त्यात याचा वाटा मोठा आहे, आणि जंभेरीचा खुंट त्यापुढे फार टिकत नाही. घरच्यांना डिंक कधी दिसला नाही याचंही कारण आहे. लिंबूवर्गीय झाडाचा डिंक पाण्यात विरघळतो, दोन चांगले पाऊस झाले की धुऊन जातो. रोग बळावतो पावसाळ्यात आणि त्याची खूणही पावसाळ्यातच पुसली जाते.

बारीक मुळं तपासली. चिमटीत धरून ओढली की वरचं आवरण निघून हातात यायचं आणि मागे पांढरा धागा उरायचा, वायरीचं प्लास्टिक सोलल्यावर तार उरते तसा. अशी मुळं ना पाणी घेतात ना खत. युरिया, डीएपी, एप्सम सॉल्ट कुठे गेलं याचं उत्तर त्यात होतं.

एवढं पाणी आलं कुठून, हा प्रश्न राहिला होता. रोजच्या पाइपाने ओल कायम राहत होती हे खरं. पण खरा धनी भिंतीवर होता. गच्चीच्या पन्हाळीचा चार इंची पाइप ओट्यापासून हातभर अंतरावर सुटत होता. फरशी घालण्याआधी ते पाणी अंगणभर पसरायचं, मातीत मुरायचं. फरशीला उतार दिला गेला तो झाडाकडे, "झाडाला पाणी मिळेल" म्हणून. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर एक इंच पाऊस पडला की सुमारे २,३५० लिटर पाणी जमा होतं. नागपूरचा वर्षाचा पाऊस हजार मिलिमीटरच्या पुढे, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर. काळ्या चिकण मातीत तो खाली झिरपत नाही, वरून फरशीने हवाही बंद. मोठ्या संत्र्याला भर उन्हाळ्यात दिवसाला शंभर लिटरच्या पुढे पाणी लागू शकतं, त्यामुळे पाणी जास्त मिळालं असं नुसतं म्हणून भागत नाही. ते चुकीच्या जागी मिळालं. पाणी पिणारी मुळं फांद्यांच्या घेराखाली असतात, खोडाला चिकटून नाही.

ठेवायचं की काढायचं

खोडाचा घेर जोडापाशी १९ इंच भरला. त्यातली ८ इंच साल मेलेली. माझा साधा आडाखा असा, की अर्ध्याहून कमी घेर गेला असेल आणि वरचा डोलारा अजून सावरता येण्यासारखा असेल तर प्रयत्न करावा. अर्ध्याच्या पुढे गेलं की भावनेपोटी दोन वर्षं वाया जातात. हे झाड सीमेच्या अलीकडे होतं. खोडाशेजारी नवी रोपं लावून त्यांचे शेंडे जखमेच्या वरच्या सालीत बसवण्याचा उपाय आहे. पण त्याच सडक्या मातीत पुन्हा कोवळी जंभेरी लावायची माझी तयारी नव्हती.

काकांना सगळ्यात जड गेलं ते ओटा फोडणं नव्हे. फुलं काढणं जड गेलं. डझनभर वेळा विचारून झालं, "थोडी ठेवली तर?" मुळं अर्धी मेलेल्या झाडाने फळं धरली की ते उरलंसुरलं त्यातच घालवतं. फुलं आणि गाठी सगळ्या झाडल्या. काकूंनी त्या कामाला हात लावला नाही, आणि मीही आग्रह केला नाही.

मग ओटा निघाला. पहिल्या मोठ्या मुळांचे खांदे दिसेपर्यंत खोड उघडं केलं आणि आठवडाभर तसंच वाऱ्यावर ठेवलं. हा कोरडेपणा निम्मं औषध आहे, आणि मार्च महिना त्यासाठी उत्तम. त्यानंतर धारदार चाकूने मेलेली साल खरवडली, कडेची थोडी निरोगी, हिरवट-पांढरी साल लागेपर्यंत. दर वेळी चाकू पोटॅशियम परमँगनेटच्या पाण्यात बुडवून. जखमही त्याच पाण्याने पुसली.

वर बोर्डो मलम. मोरचूद (कॉपर सल्फेट) १ किलो, चुना १ किलो, पाणी १० लिटर हे प्रमाण बागेचं. एका झाडाला १०० ग्रॅम, १०० ग्रॅम आणि १ लिटर पुरतं. मोरचूद आणि चुना वेगवेगळ्या प्लास्टिकच्या भांड्यांत भिजवायचा, लोखंडी बादली चालत नाही, मग दोन्ही एकत्र ओतून ढवळायचं. मिश्रणात खिळा बुडवून पाहायचा. त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी आहे, आणखी घालायचा. हे मलम त्याच दिवशी वापरायचं. उरलेलं जपून ठेवण्यात अर्थ नाही. जमिनीपासून तीन फुटांपर्यंत खोड त्याने रंगवलं.

मुळांसाठी मेटालॅक्झिल-एम आणि मॅन्कोझेब या बुरशीनाशकांचं तयार मिश्रण, लिटरला २.५ ग्रॅम, फांद्यांच्या घेराखाली ओतलं. काही दिवसांनी पानांवर फोसेटिल-एएल, तेही लिटरला २.५ ग्रॅम. हे औषध पानांतून खाली मुळांपर्यंत उतरतं, म्हणून निवडलं. ते तांब्याच्या औषधात मिसळायचं नाही. फुलं झाडल्यानंतरच फवारल्यामुळे मधमाश्यांचाही प्रश्न उरला नाही. हातमोजे, तोंडाला फडकं, आणि नातवंडं त्या दिवशी अंगणाबाहेर.

सल काढली, म्हणजे वाळक्या फांद्या, जिवंत लाकूड इंचभर धरून. जोरदार छाटणी मुद्दाम टाळली. पुढे नागपूरचा मे महिना होता, आणि पंचेचाळीस अंशांत उघडी पडलेली साल भाजून फाटते. ज्या फांद्या उघड्या पडल्या त्यांना चुन्याचा हात दिला. जंभेरीच्या फुटी हाताने ओरबाडून काढल्या, कात्रीने नाही. कापल्या तर बुडाशी डोळे राहतात आणि एकाच्या जागी तीन येतात.

खत बंद. काकांना हे पटायला वेळ लागला. आजारी झाडाला काही द्यायचं नाही, हे शिक्षकाच्या स्वभावात बसत नाही.

पाण्याची व्यवस्था बदलली ती अशी. पन्हाळीचा पाइप वळवून पुढच्या शोषखड्ड्यात सोडला. झाडाभोवतीची फरशी फांद्यांच्या घेरापर्यंत उचकटली. डबल रिंग केली, म्हणजे दोन वर्तुळाकार बांध. आतला खोडापासून दोन-अडीच फुटांवर आणि बाहेरचा फांद्यांच्या टोकाखाली. पाणी दोन्हींच्या मधल्या पट्ट्यात. आतल्या वर्तुळातली माती खोडाकडून बाहेर उतरती. रोजचा पाइप बंद झाला. बोटभर खोल माती कोरडी लागली की भरपूर पाणी, मग पुन्हा थांबायचं. मेमध्ये हे अंतर तीन-चार दिवसांचं पडलं. वर वाळक्या पानांचं आच्छादन, खोडापासून हात राखून.

पुढचं वर्ष

मेच्या मध्यात पश्चिमेकडची एक जाड फांदी पूर्ण वाळली, मेलेल्या सालीच्या बरोबर वरची. ती जाणार हे धरलेलंच होतं. कापून टाकली, कापल्या जागी मलम लावलं. घरात त्या आठवड्यात पुन्हा "काढूनच टाकू का" अशी चर्चा झाली.

जूनच्या पावसाने फूट आली. पानं मोठी होती, आणि शिरा हिरव्या. नवी पानं पूर्ण उघडल्यावर जस्ताची फवारणी केली, लिटरला झिंक सल्फेट ५ ग्रॅम आणि विरलेला चुना अडीच ग्रॅम. तेच जस्त आदल्या वर्षीही बाटलीतून पडलं होतं. या वेळी ते घेणारं झाड होतं. कोवळ्या फुटीवर सायलाची पिवळसर पिल्लं दिसली, तेव्हा निंबोळी तेल आणि साबणाचं पाणी. घरच्या झाडावर एवढ्यावर भागतं, नजर मात्र आठवड्याला हवी. शेणखत, निंबोळी ढेप आणि ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी पावसाळ्यात, रासायनिक औषधाला बरेच आठवडे उलटल्यावर बाहेरच्या पट्ट्यात मिसळलं. ऑक्टोबरात खोडाला बोर्डो मलमाचा दुसरा हात.

जखमेच्या कडेने नव्या सालीची गोल वळी भरत आली आहे, एका बाजूने चांगली, दुसऱ्या बाजूने रडतखडत. जंभेरीची फूट अजून अधूनमधून येते आणि काकू आता ती स्वतः ओळखून मोडतात. पुढच्या आंबिया बहारात, म्हणजे हिवाळा सरतानाच्या फुलोऱ्यात, फुलं कमी आली, पानांच्या मानाने बेताची. त्यातली साठेक फळं ठेवली, बाकी गळाली किंवा काढली. डिसेंबरात उतरलेली संत्री आकाराने लहान, पण सालीला सुटी आणि गोड होती. झाड वाचलं का, याला माझं उत्तर असं की काही वर्षं मिळाली. आठ इंच साल गेलेलं खोड पुन्हा पहिल्यासारखं होत नाही, आणि एखादा अतिपावसाचा हंगाम हिशेब बदलू शकतो.

म्हणून दुसऱ्या झाडाची तयारी आतापासून चालू आहे. नागपुरी संत्र्याला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. पण हे फळ इथे आलंच मुळी एका घराच्या बागेत. रघूजी भोसल्यांनी अठराव्या शतकात औरंगाबादेहून आणून आपल्या बागेत लावलं, असं सांगतात. तेव्हा अंगणात संत्रा नको, लिंबूच बरं, हा काकूंचा विचार मी फार टिकू दिला नाही. जागा मात्र बदलली. दक्षिणेच्या कुंपणाशी, उंचवट्यावर, गच्चीच्या आणि न्हाणीच्या पाण्यापासून लांब. जुन्या झाडाच्या खड्ड्यात किंवा त्याच्या शेजारी लावायचं नाही, तिथल्या मातीत रोग मुरलेला आहे. कलम रंगपूर लिंबाच्या खुंटावरचं घ्यायचं, फायटोफ्थोरापुढे तो जंभेरीपेक्षा बरा तग धरतो. जोड जमिनीपासून किमान नऊ इंच वर असलेला, आणि पिशवीतली मुळं पांढरी-पिवळसर आहेत का, हे रोपवाटिकेतच पिशवी फाडून बघायचं. रोपवाटिकेचा माणूस कुरकुरला तर दुसरी बघायची. काकांचा ओढा नागपुरातल्याच केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेकडच्या रोपांकडे आहे, आणि मलाही तो बरा वाटतो.

एप्रिलात दोन फूट लांब, रुंद, खोल खड्डा खणून उन्हात तापत ठेवला. वर दीड फुटाचा मातीचा उंचवटा करून लागवड जुलैत, पाऊस स्थिर झाल्यावर. बसायला काकांनी लोखंडी बाक आणला आहे, उचलून कुठेही ठेवता येईल असा.